कॅल्शियम शेवटी

काचेच्या भांड्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं, तेव्हा ग्लेनिसच्या ध्यानात आलं की आपण कॅल्शियम आधीच घालून बसलो. आधी वायूचे बुडबुडे सोडायचे, कॅल्शियम सगळ्यात शेवटी. हे ती नव्या पोरांना इतकी वर्षं बजावत आली होती, की ॲडलेडच्या त्या प्रयोगशाळेत तिला पाठीमागे सगळे 'शेवटी-शेवटी' म्हणत.

"काय ग्लेन, डेअरी काढलीस का?" व्हिन्सने विचारलं. तो तिचा साहेब, पण तिच्याहून बराच लहान. मग त्याला आठवलं आणि तो ओशाळला. घरी जा म्हणाला. घरी जाऊन भिंती बघू का, असं म्हणून तिने भांडं मोरीत ओतलं.

तिची मुलगी कर्स्टी रस्त्यापलीकडच्या इस्पितळात होती. सहावा महिना नुकता लागलेला आणि कळा सुरू झालेल्या. याआधी दोनदा असंच होऊन हातचं गेलं होतं. ग्लेनिस रात्रभर तिच्या उशाशी बसली, पण नजर सगळी कळा टिपणाऱ्या यंत्रावरच्या रेषेवर. सकाळी कर्स्टी वैतागली. "आई, मी तुझी पट्टी नाहीये. जा बघू कामावर."

पट्टी म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची चिंधी. सिझेरियनच्या वेळी बायका परवानगी देतात, तेव्हा ती मिळते. कोमट क्षारपाण्यात दोऱ्याने टांगली की थोड्या वेळाने ती आपली आपण आकसायला लागते. पेशीच्या दारांतून कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आवळतो, एवढीच गोष्ट. ती दारं किती असावीत, किती उघडावीत, हे बाईच्या अंगातली संप्रेरकं ठरवतात. एक महिनोन् महिने सगळं निजवून ठेवतं, दुसरं दारं वाढवत बसतं. दारं बंद करणारं औषध टाकलं की पट्टी थांबते. मग ग्लेनिस म्हणते, "शांत." तिथे त्याहून गोड शब्द नाही.

तेच औषध कर्स्टीला गोळ्यांतून चाललं होतं. गोळ्या फार काळ धरून ठेवत नाहीत, हेही ग्लेनिसला माहीत होतं, आणि हे सगळं माहीत असण्याचा तिला त्या दिवशी वीट आला होता.

तिने नवं पाणी केलं. पट्टी टांगली, ती आकसायला लागेपर्यंत थांबली. औषध उजेडात बिघडतं म्हणून चंदेरी कागदात गुंडाळलेली बाटली उघडली आणि थेंब सोडले. पडद्यावर पट्टीचं आकसणं दाखवणारी रेषा आडवी झाली. तेवढ्यात फोनवर जावयाचा निरोप आला. डीन ट्रक चालवतो, चार-पाच शब्दांच्या वर जात नाही. 'सगळं शांत आहे आता. ये.'

"शांत," ती मोठ्याने म्हणाली. व्हिन्सने टेबलावर थाप मारली. तिने हात धुतले, कोपऱ्यावरच्या बेकरीतून कर्स्टीच्या आवडीचा, बेडकाच्या आकाराचा हिरवा केक घेतला आणि रस्ता ओलांडला.

खोलीत यंत्र बंद होतं, त्याचे पट्टे गुंडाळून ठेवलेले. कर्स्टीच्या कुशीत पांढऱ्या टॉवेलची लहानशी, न हलणारी गुंडाळी होती. मुलगी होती.

डीन खिडकीकडे तोंड करून उभा होता. "मला दुसरा शब्द सुचला नाही, ग्लेनिस," तो म्हणाला.

नर्स कर्स्टीचं पोट चोळत होती. त्या गोळ्यांमुळे गर्भाशय सैल पडायची भीती असते. ते आवळलं नाही तर रक्त थांबणार नाही, असं तिने हळूच सांगितलं. मी करते, म्हणून ग्लेनिस पुढे झाली. आयुष्यभर तिने चिमट्यात धरलेल्या चिंध्याच पाहिल्या होत्या. आता अख्खं गर्भाशय तिच्या तळव्याखाली घट्ट होत होतं, सैलावत होतं, पुन्हा घट्ट होत होतं. चोख काम.

कर्स्टी कण्हली. "आई, आता कशाला दुखतंय? आता कोणासाठी?"

"तुझ्यासाठी," ग्लेनिस म्हणाली.

तिने हात तिथेच ठेवला. केकची पिशवी अजून तिच्या कोपराला लटकत होती.