तंबूची नाडी

चैत्रालीने तंबू बाथटबमध्ये दाबला तसा पाण्यातून चहाच्या रंगाचा गाळ वर आला. ती तोंड दुसरीकडे वळवून कापड चोळत राहिली. पेट्रोलचा वास, ओल्या मातीचा, दिवसेंदिवस पायातून न काढलेल्या मोज्यांचा. इथवर तिने सहन केलं. मग दाराची बाजू हाताला लागली. चेनच्या अगदी तळाशी, आतल्या अंगाला, पिवळट डाग होता, वाळून कडक झालेला. पाणी लागताच तो सुटला आणि त्याचा आंबूस वास वर आला.

"शौनक, हे काय आहे?"

"काय?" शौनक हॉलमधून ओरडला. तो टीव्हीला मोबाइल जोडत होता.

"तंबूत डाग आहे. आतून."

"मॅगी सांडली असेल गं."

मॅगी नव्हती. ईशा झाल्यापासून तिची दुपटी, उशा, स्वतःच्या गाऊनचे खांदे धुणाऱ्या बाईला उलटी ओळखायला डोळे लागत नाहीत. याच टबात ती ईशाला रोज आंघोळ घालायची. टबाच्या कडेला ओळीने ठेवलेली रबरी बदकं तिने उचलून वॉशबेसिनमध्ये टाकली आणि पुन्हा त्या दाराकडे वळली. डाग आत होता. बाहेरच्या बाजूला चेनच्या रनरला बुटाच्या लेसचा तुकडा लोंबत होता. गाठ इतकी आवळलेली की नखही शिरेना. लेसचं दुसरं टोक मात्र सुरीने कापल्यासारखं सरळ होतं.

तिने तंबू पिळला आणि बाल्कनीत वाळत टाकला. आखातातल्या अल वक्र्याच्या उन्हात तो तासाभरात कडक झाला. वास मात्र तिच्या हातांना राहिला. तिने हात दोनदा धुतले, लिंबू चोळलं, पुन्हा धुतले.

शुक्रवार होता, इथला सुट्टीचा वार. दुपारी मंडळी आली. मंडळी म्हणजे श्याम, जो शौनकच्या ऑफिसात होता, आणि हर्षल नि त्याची बायको अंबिका. तिघे पुरुष सुट्टीत मनालीहून भाड्याच्या शंभर सीसीच्या बाइक्स घेऊन स्पितीला जाऊन आले होते. वर्षाची एक सुट्टी. तिच्यातले निम्मे दिवस शौनकने डोंगरात घालवले आणि ते सगळे दिवस चैत्राली नाशिकला सासूबाईंकडे, तापलेल्या ईशाला मांडीवर घेऊन, लागत नसलेला फोन लावत बसली होती. मोठ्या बाइकवर कोणीही जातं, असं शौनक सगळ्यांना सांगायचा. छोट्या बाइकवर जायला छाती लागते.

बेल वाजली. दारात जेवण घेऊन आलेला माणूस उभा होता, हेल्मेट डोक्यावरच, शर्ट अंगाला चिकटलेला.

"आली बघ आपली छोटी सीसी!" श्याम सोफ्यावरून ओरडला. "भाई, घाटात चढते का तुझी? फर्स्टमध्ये तरी?"

तो माणूस कसनुसा हसला. कोणी उठेना. चैत्रालीने पिशव्या घेतल्या, त्याला थंड पाण्याची बाटली दिली आणि दार लावलं. श्यामच्या पायांत मोजे नव्हते. अंगठ्याचं काळं पडलेलं नख तो सगळ्यांना दिसेल असं टीपॉयवर ठेवून बसला होता. बक्षीस मिळाल्यासारखं.

हर्षल बाल्कनीच्या दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. खूप बारीक झाला होता. त्याने सरकतं दार हातभर उघडं ठेवलं होतं आणि त्यातून बाहेरची दमट हवा आत येत होती.

"एसी चालू आहे हो, भाऊजी," म्हणत चैत्रालीने दार ओढलं.

"हो हो, सॉरी."

ती ताटं आणायला आत गेली आणि परत आली तेव्हा दार पुन्हा हातभर उघडं होतं. तिने काही न बोलता पुन्हा ओढलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. या लोकांना दुसऱ्याच्या घरात कसं बसावं हेही कळत नाही, तिच्या मनात आलं, आणि तिने नाद सोडला.

टीव्हीवर फोटो सरकत होते. राखाडी डोंगर, नदी, दगडांवर आडवी पडलेली बाइक, तिच्यावर पाय ठेवून श्याम.

"आणि हा बघा आमचा हिरो," श्याम म्हणाला. फोटोत हर्षल तंबूच्या तोंडाशी कानटोपी घालून बसला होता. ओठ निळसर. "कुंझुम खिंडीच्या खाली मुक्काम. रात्रभर ओकतोय, ओकतोय! सकाळी म्हणे डोकं फुटतंय. आता समोर चंद्रताल तळं, ऊन पडलेलं, अजून काय पाहिजे? आम्ही म्हटलं, बाबा, तू पड. गोळी दिली, पाणी ठेवलं आणि यल्ला, निघालो!"

"एकट्याला ठेवून गेलात?" चैत्रालीने विचारलं.

"तोच म्हणाला जा," शौनक म्हणाला. "काय रे?"

"हो. मीच म्हटलं," हर्षल हसला. तो बाटलीवरचं लेबल अंगठ्याने सोलत होता.

"आणि आलात कधी?"

"दुपारीच," श्याम म्हणाला.

"संध्याकाळ झाली होती," हर्षल म्हणाला आणि पुन्हा हसला.

"संध्याकाळ तर संध्याकाळ. आम्ही येईस्तोवर पठ्ठ्या ठणठणीत! खलास, विषय संपला. बिना डॉक्टरचा." श्यामने रश्श्यात बुडवलेला हात तसाच हवेत फिरवला. एक थेंब सोफ्यावर पडला. त्याने तो तळव्याने पुसला, म्हणजे पसरवला.

अंबिकाही हसत होती. "मला तर यांनी फोनवर सांगितलंच नाही काही. म्हणे मस्त आराम केला."

चैत्रालीला जेवण जाईना. चेनच्या तळाशी तो डाग होता. झोपलेल्या माणसाचं डोकं तिथे नसतं. तिथे माणूस सरपटत जातो, दाराशी, बाहेर पडायला. तिने ताट खाली ठेवलं.

"वहिनी, पुढच्या वेळी तुम्ही पण," श्याम म्हणाला.

"तेच तर!" शौनक सरसावून बसला. "रविवारी लीव्ह प्लॅन द्यायचाय मॅनेजरला. पुढच्या वर्षी तिघंही जाऊ. ईशा पुढे टाकीवर, ही मागे. चार वर्षांची होईल तोवर. बाहेरच्या देशांत लोक तान्ही मुलं घेऊन फिरतात. चैत्राली, हो म्हण ना आता सगळ्यांसमोर."

"थंडी किती असते तिथे?"

"तंबूत काही कळत नाही. थांब, दाखवतोच."

तो उठला. बाल्कनीतून तंबू आणला आणि हॉलच्या मधोमध उभा केला. ईशा खोलीतून धावत आली. तिला घर मिळालं होतं. आधी बाहुली आत गेली, मग उशी, मग ती स्वतः.

"आता गंमत बघा. ही चेन झिजलेली आहे, वाऱ्याने खालून आपोआप उघडते. नवा तंबू कशाला घ्यायचा? मी जुगाड केला." त्याने रनरला लोंबणाऱ्या तुकड्याला नवी लेस जोडली, चेन खाली ओढली आणि लेस तळाच्या कडीतून घालून करकचून बांधली. "बाहेरून गाठ. आता वारा काय, अस्वल आलं तरी उघडत नाही."

"पायजम्याची नाडी," श्याम म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

शौनकने रिमोट उचलला. पडद्यावर निळं तळं आलं. "आणि हे बघा, याच्यासाठी केला होता अट्टाहास. हा रंग फोटोत येतच नाही खरं तर."

"बाबा, ओपन," तंबूतून आवाज आला.

"एक मिनिट, पिल्लू. श्याम, तो व्हिडिओ कुठेय रे, तू पाण्यात पडलास तो?"

"बाबा! ओपन द डोअर!"

"हो गं, आलो."

चैत्राली उष्टी ताटं हातात घेऊन उभी होती. तंबू तिच्यापासून दोन पावलांवर होता. ती हलली नाही. ती तंबूकडे बघतच नव्हती, शौनककडे बघत होती. त्याचं बोट मोबाइलवर सरकत होतं, वर, खाली, पुन्हा वर. हातातल्या ताटातल्या हाडांवर रस्सा थिजला होता. आपण लेकराला पणाला लावून हे बघत उभ्या आहोत, याची तिला शिसारी आली. तरी ती थांबली.

तंबूचं कापड तळाशी, बरोबर त्या जागेवर, आतून फुगलं. छोटी मूठ होती. एकदा, पुन्हा एकदा.

"आई..."

ताटं टीपॉयवर आदळून ती वळली, पण तिच्या आधी कोणीतरी तिथे पोचलं होतं. हर्षल. तो गुडघ्यांवर होता. त्याची बोटं गाठीवरून घसरत होती. सुटेना तसा तो वाकला आणि त्याने लेस दातांत धरली. कुत्र्यासारखी ओढली. लेस तुटली, चेन वर गेली आणि ईशा घामेजल्या केसांनी बाहेर येऊन आईच्या पायांना बिलगली.

हर्षल उठला नाही. आत कोणीही नव्हतं, तरी तो दोन्ही हातांनी तंबूचं दार उघडं धरून बसून राहिला.

"अरे, आली ती बाहेर," श्याम म्हणाला. "सोड की."

"घाबरलाय अजून," शौनक हसला.

"गाठ फार घट्ट मारतोस तू," हर्षल म्हणाला. आवाज अगदी साधा होता. ओठाला रक्त आलं होतं.

अंबिकाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. ती नवऱ्याकडे बघत होती, मग उघड्या राहिलेल्या बाल्कनीच्या दाराकडे. चैत्राली तिकडे गेली आणि तिने ते दार पूर्ण सरकवलं. गरम, खारट हवा घरात शिरली. एसीची कोणी काळजी केली नाही.

चहा झाला. मंडळी लवकर निघाली.

संध्याकाळी तिने टब तीनदा घासला. तळाशी गाळाची पुसट रेघ राहिलीच, आणि ती रेघ बघून तिने बादली भरून घेतली. ईशा टबाबाहेर फरशीवर बसून बदकं मांडत होती. शौनक बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

"मग, रविवारी काय सांगू?"

चैत्रालीने ईशाच्या डोळ्यांवर हात धरला आणि तांब्या तिच्या डोक्यावर ओतला.

"ती लेस तिथे कोणी कापली?"

"कुठली?"

"कुंझुमची. परत आल्यावर."

"मीच. गाठ सुटत नव्हती. थंडीने बोटं वळत नव्हती माझी."

"आणि तो आतून काय म्हणत होता?"

"काही नाही. झोपला होता."

"दाराशी?"

शौनकने टबाकडे पाहिलं, मग बदकांकडे. ईशाने एक बदक उचलून त्याला दाखवलं. ते त्याने घेतलं नाही.

"माझं आणि ईशाचं नाव घालू नकोस," चैत्राली म्हणाली.

तो उभा होता. मग वळला, आणि जाताना सवयीने बाथरूमचं दार मागे ओढून घेऊ लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "उघडंच राहू दे."