माझ्यावर चहाचा पेला ठेवणारे

मी एक जुने डिझेल इंजिन आहे, मित्रांनो, आणि माणसांवर माझा भारी राग आहे.

एके काळी मी कुणकेश्वरच्या एका मासेमारी बोटीत राबत होते. ती बोट मोडीत निघाली, तेव्हा मालवणच्या रोझारियोने मला आपल्या वर्कशॉपात आणून बसवले. त्याच्या प्रवासी बोटींवरची माणसे माझ्यावर दुरुस्ती शिकणार होती. मला वाटले, चला, पुन्हा बरे दिवस आले!

कसले बरे दिवस? गोव्याहून आलेले शिक्षक घसा फोडून सांगत होते आणि बोट चालवणारा सोकोरो माझ्याच अंगावर चहाचा पेला ठेवून मोबाइल बघत होता. एकटी डेलिशा, वर्कशॉपातली मेकॅनिक, माझे नट खोलत होती, चुकत होती, पुन्हा विचारत होती.

"कित्याक गो हात काळे करतंस?" सोकोरो हसला. "सर्टिफिकेट सगळ्यांकाच मेळतला."

"इंजिन सर्टिफिकेट बघून चालू होवचा नाय," डेलिशा म्हणाली.

कोर्स संपला तशी सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. डेलिशा मात्र कामातून सवड काढून सराव करी. सोकोरो तिला 'मास्तरीण' म्हणून चिडवी. डिझेल फुकट जाते म्हणून रोझारियो ओरडे. मी आतल्या आत धुमसत असे.

एका दुपारी डेलिशाचा फोन वाजला. सोकोरोची प्रवाशांनी भरलेली बोट आचऱ्यासमोर बंद पडली होती आणि वारा तिला खडकांकडे ढकलत होता.

"डिझेल आसा, पण चालूच होणा नाय!" सोकोरो फोनवर ओरडला.

"डिझेलच्या नळीत हवा शिरली आसतली. काढ ती."

पण हवा कुठून काढायची, हेच त्याला आठवेना. डेलिशा फोन स्पीकरवर टाकून माझ्याकडे धावली. माझ्यावर हात ठेवून ती एकेक गोष्ट करत गेली आणि त्याला सांगत गेली.

"फिल्टरावरचो बारको स्क्रू ढिलो कर. हातपंप मार. बुडबुडे थांबले? आता आवळ."

फोनमधून बायकामुलांचा आकांत ऐकू येत होता. मग एकदाचे ते इंजिन धडधडले.

बोट सुखरूप परतली. सोकोरोने आभार मानले? छे! "मशीनच खराब," तो रोझारियोला म्हणाला.

तेव्हा मात्र डेलिशाचा पारा चढला. तिने त्याच्या हातात पाना आपटला.

"पुढच्या खेपेक मी फोन उचलूचंय नाय. आता हंयच खोल!"

रोझारियोनेही या वेळी माझ्याकडेच बोट दाखवले. सोकोरो शिव्या घालत वाकला. त्याच्या बोटांना माझा स्क्रू सापडेना.

मित्रांनो, कामावर कोणी तुम्हाला शिकायला पाठवले, तर हात खिशात घालून बसू नका. विचारा, खोला, चुका. परतल्यावर पुन्हा खोला. ते जमणार नसेल, तर माझ्यासमोर येऊच नका.

सोकोरो अजून धडपडतो आहे. डेलिशा दारात उभी आहे आणि आज ती त्याला जाऊ देणार नाही.