तळ आणि तळहात

रेवा, ईशान, तुमच्या आईच्या हाताला एक गारवा आहे. तो तुम्हांला ठाऊक असेलच, पण त्याचं गोत्र ठाऊक नसेल. फाल्गुनात आमच्या घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावर सकाळ रांजणातल्या पाण्यासारखी थंड असते आणि अकराच्या सुमाराला तीच तव्यासारखी तापते; या दोहोंच्या मधल्या घटकेत ओट्याच्या फरशीवर हात टेकला की जो शीतल, सावध स्पर्श होतो, तो तिच्या हाताचा. तळहाताचा नव्हे, पालथ्या हाताचा. हे आजच लिहून ठेवते, कारण परवा ती इथून तुमच्याकडे गुवाहाटीला परतली आणि जाण्यापूर्वी एक प्रश्न माझ्यापाशी ठेवून गेली. आपला तळ कोणता, हे तिला या महिन्यात विमान कंपनीला पुन्हा लिहून द्यायचं आहे. तुमचं पुढचं वाढणं कुठल्या गावात होणार, ते त्या कागदावर ठरेल. पुढे तुम्हांला कोणी काही सांगेल, कोणी काही; आणि माणसं सोयीचं तेवढंच सांगतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी पाहिलं ते माझ्या हातानं.

विमान चालवणाऱ्यांचं घर नोकरीच्या मागून येतं. कंपनी त्यांच्यापुढे शहरांची यादी ठेवते, ते पसंतीचे आकडे घालतात, आणि ज्येष्ठतेप्रमाणे ज्याला जे मिळेल तिथून त्याचं उडणं सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्याला ते ‘बेस’ म्हणतात. तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे कुठलाही शब्द मी भाषांतर केल्याशिवाय आत घेत नाही. बेस म्हणजे तळ. तुमच्या नानांचे आजोबा लदेणीवर जात, म्हणजे मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादलेले बैल घेऊन मुलखामागून मुलूख तुडवत. गोण्या जिथे उतरत तो तळ, आणि पहाटे त्या पुन्हा बैलांच्या पाठीवर चढल्या की तिथे तीन दगडांची चूल आणि थोडी राख एवढंच उरे. आपली माणसं शेतीला लागली, तांडा एका जागी बसला, भिंती पक्क्या झाल्या. पण तळ ठोकणारा माणूस केव्हातरी उठणारच, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. त्यामुळे तुमच्या आईच्या तोंडी तो शब्द पहिल्यांदा आला, त्या दिवसापासून मी त्याच्याकडे वाकड्या नजरेनं पाहत आले.

पालथा हात मूळचा माझा. माझी लेक, तुमची आई सरिता, सात-आठ वर्षांची असताना गणिताची चाचणी आली की तिला ताप येई. ती मागल्या अंगणात जाऊन पत्र्याच्या पेटीवर कपाळ टेकवी, पेटी उन्हानं तापलेली असे, आणि मग डोळे अर्धे मिटून, आवाजात क्षीणता आणून माझ्यासमोर उभी राही. मी कपाळाला हात लावतच नसे. पालथा हात मी तिच्या कानामागे, मानेला लावी. कपाळ खोटं बोलतं, मान बोलत नाही. मान गार लागे, ती मुकाट्यानं दप्तर उचली, आणि फाटकापर्यंत जाताना तिच्या पाठीवर जो एक ताठा असे, तो पराभवाचा होता की सूड घेण्याच्या निश्चयाचा, हे मला तेव्हाही कळलं नाही. मात्र शाळेच्या दिवसांत रोज सकाळी मी तिची मान तपासत गेले, चाचणी असो वा नसो. यात माया किती आणि शंका किती, असा हिशेब मी कधी मांडला नाही. मांडायला हवा होता.

ती विमान चालवू लागली तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला होता, की उडण्याआधी तुम्ही काय करता. देवाचं नाव घेता का, असं मला विचारायचं होतं. सुशिक्षितपणामुळे तसं विचारता आलं नाही. तिनं जे सांगितलं ते मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. प्रत्येक तळाची रीत निराळी. दक्षिणेतल्या एका तळावर वयोवृद्ध कॅप्टन बॅगेत लिंबू ठेवतात आणि कोणी विचारलं तर सरबतासाठी म्हणतात. दुसरीकडे विमानात पाऊल टाकताना दाराच्या चौकटीला बोटं लावून ती कपाळाला नेतात, देवळात शिरावं तसं. कुठे ‘आजची शेवटची फेरी’ असं कुणी म्हणत नाही, ‘शेवटची’ हा शब्दच वर्ज्य. तर कुठे वैमानिक आणि सहवैमानिक एकमेकांशी हात मिळवल्याशिवाय खुर्चीत बसत नाहीत. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. यादी हातात घेऊन एकानं वाचायची, दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहून उत्तर द्यायचं. यादी तोंडपाठ असते, तरी वाचायचीच. कारण पाठांतरावर त्या विद्येचा विश्वास नाही. आणि त्याआधी खाली उतरून विमानाभोवती पायी फेरी घालायची, चाकं, पंख, सांधे न्याहाळायचे. नाकाला सगळेच हात लावतात, ती म्हणाली, मी पंखाच्या मुळाशी लावते. पालथा.

एवढं ऐकून मला काय वाटलं, ते मी तिला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, लोखंडाला ताप येत नाही. ते लोखंड नसतं, ती म्हणाली. आणि विषय संपला.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे पाच वर्षं आमच्या फोनवरच्या बोलण्यात हिवाळ्याच्या सकाळीसारखं एक पातळ धुकं साचून राहिलं. तुम्ही दोघं तेव्हा फार लहान होता. कंपनीनं तळांची यादी काढली, तीत पहिल्यांदाच नागपूर होतं. नागपूर इथून मोटारीनं एका सकाळचा रस्ता. ते मिळतं तर तुम्ही दर सुटीला या अंगणात असता. पुढे तिचा फोन आला, “नागपूर नाही मिळालं, ज्येष्ठता कमी पडली.” मी बरं म्हटलं. पण त्याआधी ती इथे येऊन गेली होती आणि माझ्या शब्दकोशात एक घडी केलेला कागद विसरली होती. कच्चा मसुदा, तिच्या हातचा. गुवाहाटी एक. त्याखाली चार शहरं. नागपूर सहा, म्हणजे शेवटचं. मी तो कागद वाचला, होता तसा घडी करून, त्याच पानात ठेवला. पुढच्या खेपेला तिनं तो नेला. ती बोलली नाही, मीही नाही.

तेव्हापासून मी साक्षी-पुरावे गोळा करत राहिले. ती दिवाळीला आली तर मी पाही, बॅग पूर्ण उघडली की अर्धीच. फोन अमुक वेळेला का आला, हसणं मध्येच का थांबलं, ‘पुढच्या वेळी नक्की’ या वाक्यातला ‘नक्की’ दर खेपेला एवढा घाईनं का येतो. ब्रह्मपुत्रेवरच्या सकाळचं ती वर्णन करी, पाण्यावर पाणी तरंगावं तसं धुकं कसं असतं ते सांगे, आणि मला वाटे, कोणाला पटवते आहे ही? दुपारी चारच्या सुमाराला दक्षिणेकडून नागपूरला उतरणारं एक विमान आमच्या तुरीच्या शेतांवरून जातं. तिचं नव्हे, तरीही त्याचा आवाज आला की माझी मान आधी वर जाई आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. आज पाच मिनिटं उशीर. आज वेळेवर. माझी ही सवय कुणी पाहिली नाही असं मी समजत होते.

या फाल्गुनात ती चार दिवसांसाठी आली. नाल्याच्या कडेचे पळस पेटले होते, आणि ओट्यावर शेवंता तुरी पाखडत होती. शेवंता पंधरा वर्षं आपल्याकडे कामाला येते. तिला माझा धाक नाही, हे तुम्हांला आठवत असेल. सरिता तिच्याशेजारी बसून खडे वेचू लागली. ऊन सुपात येऊन दाण्यांबरोबर उडत होतं आणि तिच्या पालथ्या हातावर पुन्हा पडत होतं. सरिताचे कपाळापाशी केस पिकलेले दिसले. मी खुर्चीवरून पाहत होते.

“काहून वो मॅडम,” शेवंता म्हणाली, “पोरगी चार रोजासाठी आली, अन् तुमी तिच्याकडे पोलिसावानी पाहून राह्यल्या?”

“पाहू दे मावशे,” सरिता म्हणाली. “मी कॉपी तर नाही करून राह्यली, ते पाहते ती.”

दोघी हसल्या. इतक्यात चारचं विमान आलं. मी वर पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि नजर खाली आणली तेव्हा सरिताचा हात सुपात थांबला होता.

“याडी,” ती म्हणाली. आईला आपल्या बोलीत ती याडीच म्हणते, पण मोठेपणी फार क्वचित. “यादी पुन्हा निघाली. नागपूर लिहू काय?”

“मागं लिहिलं होतंसच की. मिळालं नाही म्हणालीस.”

“शेवटचं लिहिलं होतं. तुले माहीत होतं ना?”

शेवंताचं सूप थांबलं.

“त्या कागदावर ‘प्रेफरन्स’मधला एक ‘ई’ माझ्याकडून सुटला होता,” ती म्हणाली. “तू लाल शाईनं घातला.”

मुलांनो, चोरी करताना स्वतःची सही करून येणारा चोर मी दुसरा पाहिलेला नाही. मला तो ‘ई’ घातल्याचं स्मरणसुद्धा नव्हतं. हात आपोआप गेला असणार. म्हणजे पाच वर्षं मी तिच्यावर पाळत ठेवून होते, आणि ती पाचही वर्षं मला ओळखून होती.

“कोन्ता ई वो?” शेवंतानं विचारलं.

“काहून?” मी म्हणाले. तीस वर्षं वर्गात मुलांना ‘काहून नव्हे, का म्हणा’ असं बजावलेलं, आणि ऐन वेळी माझ्या तोंडून काहूनच आलं.

ती सुपाकडे पाहत बोलली. “तू वाट पाहते म्हणून. पोरं नाही पाहत. त्यायले वाटते, आई येतेच. तू घड्याळाकडे पाहते, आता पाहिलं तसं. नागपूरले उतरताना मले हा ओटा दिसला असता. धुकं असलं, वारा वाकडा असला, तरी वाटलं असतं, आता टाकू उतरून, याडी वाट पाहत असंल. आमच्यात म्हणतात, ज्याचं घर धावपट्टीच्या टोकाशी, त्यानं विमानाच्या आधी सोतावर संशय घ्यावा.”

उत्तर सुरेख होतं. इतकं सुरेख, की मला ते पाठ केलेलं वाटलं. पाठ केलेलं उत्तर मला शेवटच्या बाकावरूनही ओळखू येतं. मी म्हणाले, “मग आता काहून विचारते? आता मी वाट पाहत नाही काय?”

तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. मी शेवंताकडे पाहिलं. दिवाळीत मला एकदा चक्कर आली होती, विहिरीपाशी; तेव्हा जवळ होती ती शेवंताच. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. शेवंतानं तोंड फिरवलं आणि तुरी फार जोरानं पाखडू लागली.

तर असं. ती तेव्हा माझ्या वाट पाहण्याच्या भीतीनं आली नाही, की आता माझी दया येऊन येऊ पाहते, की दोन्ही खोटं आणि तिला ती नदीच सोडवत नाही? तिच्या डोळ्यांत मी शोधलं. ते धुक्यातल्या दिव्यांसारखे होते; उजेड कळत होता, अंतर कळत नव्हतं.

परवा सकाळी गजाननाची भाड्याची मोटार आली, तिला नागपूरच्या विमानतळावर सोडायला. गजाननानं स्टिअरिंगला हात लावून छातीला नेला, ती त्याची रीत. तुमच्या आईनं बॅग खाली ठेवली आणि मोटारीभोवती सावकाश एक फेरी घातली, चारही चाकांपाशी वाकून.

“नवी हाय ताई गाडी,” गजानन दुखावून म्हणाला. “कायले पाहून राह्यल्या?”

“नवी हाय म्हणूनच,” ती म्हणाली, आणि पालथा हात मोटारीला लावला. मग माझ्याकडे आली. मला वाटलं, वाकून पाया पडेल. तिनं तोच पालथा हात माझ्या कानामागे, मानेला लावला, आणि तिथे ठेवला, मोजून घ्यावं तसा. कपाळाला नाही. कपाळ खोटं बोलतं, हे तिला कोणी शिकवलं ते तुम्ही जाणताच.

मी म्हटलं, “आकडा तुझ्या मनानं घाल. मला सांगू नकोस. आणि स्पेलिंग पाहून घे.”

ती हसली, गाडीत बसली, पळसांमधून धूळ उठली आणि बसली.

संध्याकाळी मी शेवंताला स्टूल धरायला लावलं आणि ओट्यासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत नेऊन टांगलं, जिथून आकाश दिसत नाही. शेवंतानं कारण विचारलं नाही. तिला बहुधा कळलं, आणि कळलं असेल तर तिनं एव्हाना तुमच्या आईला फोनवर सांगितलंही असेल. असू दे. काल चारचं विमान आलं तेव्हा मी खाली पाहून तुरी निवडत होते. वेळेवर होतं की उशिरा, मला माहीत नाही. माणूस गेल्यावर वेळ मोजत बसणं याला मी आजवर आठवण समजत आले; ती बहुधा पाळतच होती.

सरितानं नागपूरपुढे कोणता आकडा घातला, तुम्ही हे वाचाल तेव्हा तुम्हांला ठाऊक असेल. मला आज ठाऊक नाही. घड्याळाच्या जागी भिंतीवर एक फिकट गोल राहिला आहे, आणि माझ्या मानेवर, उजव्या कानामागे, तिच्या हाताचा गारवा अजून आहे.