गल्लीत मांडलेल्या खुर्च्या

सोनचाफा सोसायटीत एखादी गोष्ट एकमताने मंजूर झाली, असं सहसा घडत नसे. टाकीच्या गळतीवर दोन तट, पार्किंगवर तीन, आणि गणपतीत नाटक ठेवायचं की ऑर्केस्ट्रा, यावरून तर माणसं महिनोन् महिने एकमेकांचं तोंड पाहत नसत. पण शेजारच्या गल्लीला लोखंडी गेट बसवून कुलूप ठोकायचा ठराव आला आणि सगळे हात एकदम वर गेले. कुलपाच्या बाबतीत आपलं असं चटकन जमतं!

कारणही तसंच होतं. सेक्रेटरी ऋतुराज राणे याची बायको समीक्षा भाजी घेऊन येत असताना त्याच गल्लीत बाइकवरच्या दोघांनी तिचं मंगळसूत्र ओढलं. ती पडली, कोपर सोललं, आणि नंतर कितीतरी दिवस ती एकटी खाली उतरेना. ऋतुराज तसा भांडखोर नव्हता. ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात वाढलेला, मोठ्यांसमोर आवाज न चढवणारा माणूस. पण बायकोची अवस्था पाहून त्याचं डोकं फिरलं. बाहेरच्यांची वर्दळच बंद करायची, असं त्याने मनाशी घेतलं आणि गेट बसलं.

बाहेरचे म्हणजे कोण? तर गल्लीच्या मागच्या चाळीतले लोक. शहाड स्टेशन, बाजार, पालिकेचा दवाखाना, सगळं त्यांना या गल्लीतून जवळ. आता त्यांना हमरस्त्याने वळसा पडू लागला. तिथे फुटपाथ नावालाच, आणि टेंपो अंगावर आल्यासारखे जातात. चाळीतल्या भीमाबाईंच्या पायाला साखरेच्या आजारामुळे जखम झाली होती. ड्रेसिंगसाठी त्या काठी टेकत गल्लीतून एकट्या दवाखान्यात जायच्या. गेट बसल्यावर हमरस्त्यावर एक टेंपो त्यांना अगदी चाटून गेला, तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर पडेनात. सून दर्शना कामावरून आली की जमेल तशी पट्टी बांधायची. जखम चिघळत चालली होती. असंच चाललं तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा दर्शनाने प्रभाग कार्यालयात तक्रार दिली.

पालिकेच्या नावाने बोटं मोडायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण कौतुकाची वेळ आली की मात्र आपली जीभ जड होते. ती तक्रार ज्यांच्याकडे गेली, त्या प्रभाग अधिकारी योगिनी भोईर यांचं कौतुक करायलाच हवं. त्यांनी गेट तोडायला गाडी पाठवली नाही आणि तक्रार कपाटातही टाकली नाही. येण्याजाण्याचं भांडण त्याच जागेवर, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून ऐकायचं, ही त्यांची पद्धत होती. "केबिनमध्ये सगळेच वकील होतात," त्या म्हणायच्या. "जागेवर गेलं की खरं काय ते कळतं."

शनिवारी सकाळी सुनावणी ठरली. ऋतुराजने जय्यत तयारी केली. ही गल्ली म्हणजे सोसायटीचं अंगणच आहे, असं त्याला दाखवायचं होतं. म्हणून त्याने कुलूप काढलं, गल्ली झाडून घेतली आणि हळदीकुंकवाला मांडतात तशा खुर्च्या अगदी मधोमध मांडल्या. टेबलावर चादर, चहाचा थर्मास, बिस्किटं. भोईर मॅडम आल्या, सगळी मांडामांड पाहिली आणि मधल्या खुर्चीवर बसल्या. दर्शना भीमाबाईंना रिक्षाने घेऊन आली होती. म्हातारी काठी टेकत येताना दिसताच ऋतुराज उठला आणि हात असलेली खुर्ची त्याने तिच्याकडे सरकवली.

"मॅडम, या फरशा आम्ही बसवल्या," त्याने सुरुवात केली. "झाडूनपुसून आम्हीच ठेवतो. कोजागिरी इथे, हळदीकुंकू इथे..."

एवढ्यात मागून हाक आली, "दादा, जाऊ का जरा?" गेट उघडं दिसल्यावर चाळीतली एक बाई माशांची पाटी घेऊन आत शिरली होती. ऋतुराजने उठून खुर्ची बाजूला घेतली. "या मावशी. सांभाळून हां, तिथली फरशी हलतेय."

तो पुन्हा बसतो न बसतो तोच क्लासच्या मुली आल्या. खुर्ची सरकली. मग गॅसचा सिलेंडर खांद्यावर घेतलेला माणूस आला. आता टेबलही हलवावं लागलं. मग सोसायटीतलेच एक आजोबा पलीकडच्या गिरणीतून दळण घेऊन आले. मुद्दा मांडता मांडता ऋतुराजची नुसती ऊठबस चालली होती, आणि प्रत्येकाला "या, या" म्हणणंही चुकत नव्हतं. दर्शनाला हसू आवरेना.

"राणे," मॅडम म्हणाल्या, "नकाशात ही गल्ली तुमच्या हद्दीत नाही, चाळीच्याही नाही. मध्ये मोकळी सोडलेली जागा आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की लोक इथून तुमच्या परवानगीने चालत होते, की हक्काने?"

"परवानगीने! आम्ही जाऊ देत होतो म्हणून."

"मग आत्ता एकालाही तुम्ही अडवलं नाहीत ते कसं?"

"अहो, त्यांना जायचं होतं! माणसाला असं अडवून कसं चालेल?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. चेहरा खर्रकन उतरला. समोर भीमाबाईंचा पट्टी बांधलेला पाय होता. पट्टीवर पिवळसर डाग उमटला होता. दर्शनाने जखमेची हकिगत सांगितली, तेव्हा त्याला कुठे पाहावं कळेना.

"आजी, मला खरंच माहीत नव्हतं," तो काकुळतीने म्हणाला. "वॉचमनला सांगून ठेवतो. तुम्ही कधीही या, तुमच्यासाठी गेट उघडेल."

सगळ्यांना वाटलं, मिटलं! पण भीमाबाईंनी मान हलवली.

"नगं बाळा. तुझं मन चांगलं हाय. पर माझी आय गावात वाटंच्या कडंला हुबी राहायची, वरची मान्सं गेली की मग पाऊल टाकायची. जन्मभर इचारून चालली ती. बाबासायबांनी आमची मान वर केली. म्या आता वॉचमनला इचारून चालायची नाय. पाय गेला तरी चालंल."

दर्शना सासूच्या खुर्चीला लागून उभी राहिली.

"आजी बरोबर बोलताहेत," भोईर मॅडम म्हणाल्या. "मी दयेवर निर्णय देणार नाही, राणे. आजींचा पाय उद्या बरा होईल. म्हणून काय परवा गेट लावायचं? आज तुम्ही चांगले आहात, उद्याचा सेक्रेटरी कसा असेल कुणी सांगावं? ज्याला एकाच्या मर्जीने कुलूप लागतं, त्याला सार्वजनिक म्हणत नाहीत. पण तुमची भीतीही खोटी नाही, मंगळसूत्राची हकिगत मी वाचली आहे. समीक्षाताई, तुम्ही सांगा."

समीक्षा इतका वेळ मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, कुलूप लागल्यापासून मला जास्त भीती वाटते. गल्ली ओस पडलीय. मी पडलेली ना, तेव्हा मला उचलायला चाळीकडून येणाऱ्या बायकाच धावलेल्या. आता कोण येणार?"

ऋतुराज बायकोकडे पाहतच राहिला. ज्यांनी तिला उचललं, त्यांच्याच तोंडावर त्याने कुलूप ठोकलं होतं!

मॅडमनी तिथल्या तिथे निर्णय सांगितला आणि त्याची कारणंही सगळ्यांना समजतील अशी सांगितली. गेट निघेल. त्या जागी खांब बसतील, असे की बाइक घुसणार नाही, पण व्हीलचेअर जाईल. पालिका दिवे लावेल. निर्णय लेखी मिळेल, आणि पटला नाही तर वरिष्ठांकडे दाद मागायची मोकळीक दोन्ही बाजूंना राहील. आपलं ऐकून घेतलं नाही, असं म्हणायला कुणालाच जागा उरली नाही. हरलेल्या माणसालाही न्याय झाल्यासारखं वाटलं, याहून अधिकाऱ्याची वेगळी थोरवी ती कोणती?

दाद मागायला कुणी गेलं नाही. खांब बसवताना ऋतुराज स्वतः व्हीलचेअर आणून ती खांबांमधून नेऊन पाहत होता. भीमाबाई पुन्हा दवाखान्यात जाऊ लागल्या. जखम भरायला वेळ लागला, पण पाय वाचला.

एका सकाळी ऋतुराज बाजारातून येत होता. खांबांपाशी एक अनोळखी गृहस्थ घुटमळत होते. "साहेब, दवाखान्याकडे इथून गेलं तर चालेल का?" त्यांनी अदबीने विचारलं.

ऋतुराजला एकदम भरून आलं. "काका, दवाखाना सरळ पुढे आहे," तो म्हणाला. "पण जाऊ का म्हणून पुन्हा कुणाला विचारू नका. मलासुद्धा!"

मित्रहो, आपल्याही इमारतीच्या कडेला अशी एखादी गल्ली असेल. तिथून जाणाऱ्याला वाट देणं हा आपला चांगुलपणा नव्हे. वाट त्याचीच आहे. तिच्यावर कुलूप लावायचा अधिकार आपल्याला कुणीही दिलेला नाही.