लोणी लागलेला डोळा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि पहिल्या दिवसापासून भित्रा आहे. उत्तर डकोटातल्या एका लहान गावात, औषधांच्या दुकानातल्या काउंटरवर माझं आयुष्य गेलं. गावात फार्मासिस्ट उरला नव्हता. व्हर्ना गोळ्या मोजायची, मी त्या दाखवायचो, आणि दूर शहरात बसलेली फार्मासिस्ट सोल्वेग पडद्यावर पाहून "द्या" म्हणायची. त्याशिवाय एक गोळीही बाहेर जात नसे. सुरुवातीला गाव माझं कौतुक करायचं. मला मात्र धडकी भरायची. माझं चुकलं तर?

पुढे कौतुक सरलं आणि मला पुसायचंही कोणाच्या लक्षात राहीना.

त्या दिवशी बर्फाचं वादळ येणार म्हणून दुकानात रीघ लागली होती. अशा वेळी आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नाही. कोणीतरी लोणी-साखर लावलेली लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणली होती. नको म्हणणं गावच्या रीतीत बसत नाही. व्हर्नाने ती खाल्ली. गोळ्यांना ती हात लावत नाही, पण मला सरळ करताना तिचं लोणी लागलेलं बोट थेट माझ्या डोळ्यावर टेकलं.

सगळं धुरकट झालं. तरी तिचा हात शेजारच्या बाटलीकडे गेलेला मला दिसला. तशीच पांढरी गोळी, पण चौपट ताकदीची! औषध होतं गावातल्या बर्निसच्या हृदयासाठी. बरोबर बाटली आधीच पाहून सोल्वेग तेव्हा दुसऱ्या गावाचं काम बघत होती. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड कुठे आहे?

"गोळीवरचा अंक दिसत नाही गं," सोल्वेग परतल्यावर म्हणाली.

"बाटली दाखवली ना मघाशी? वादळ डोक्यावर आलंय, बर्निस गाडीत ताटकळलीय. आता काय गोळीची मुलाखत घेतेस?"

सोल्वेग हसली. "बरं बाई, द्या."

मी भीतीने गारठलो. आता एकच आशा होती. औषध नेणाऱ्याला माझ्यासमोर बसून सूचना ऐकाव्या लागतात. व्हर्नाने मला बर्निसच्या नवऱ्याकडे, आल्विनकडे वळवलं.

"आल्विन, तुम्ही भुतासारखे दिसताय," पडद्यावरून सोल्वेग म्हणाली.

"आज तर आंघोळ केलीय!" म्हणत त्याने खिशातला निळा रुमाल काढला आणि ट्रॅक्टरची काच पुसावी तसा मला खसाखसा पुसला.

"हां, आता दिसलात. एक गोळी दाखवा बघू."

त्याने दाखवली. सोल्वेगचा चेहरा पांढराफटक पडला.

"आल्विन, ती बाटली खाली ठेवा. बर्निसला काही देऊ नका."

व्हर्नाने ती बाटली परत घेऊन बरोबर गोळ्या मोजायला घेतल्या. आल्विन खिडकीबाहेर बघत राहिला. गाडीत बर्निस गोळी घ्यायला थर्मासचं झाकण उघडून, कॉफी ओतून बसली होती.

आल्विनने तो रुमाल माझ्याशेजारीच टांगून ठेवला. व्हर्ना आता हात धुऊन आधी मला पुसते. पण मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. असे कॅमेरे गावोगावी आहेत, आणि आम्हाला दिसलेलं बोलता येत नाही. कोणाचं तरी माणूस बाहेर गाडीत वाट बघत असतं. एवढंच करा, आमचा डोळा पुसा.