अंगठा रुतेल इतकीच हवा

मित्रांनो, मी एक म्हातारी मोटरसायकल आहे, आणि माझ्यावर बसायला जागाच नाही. हसू नका! कारखान्यात कुणी सीट लावायला विसरलं नव्हतं. माझ्यावर उभंच राहायचं असतं. दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून मुंगीच्या पावलांनी जायचं, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला की एक गुण चढतो, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकतो. ट्रायल म्हणतात या खेळाला. इथे वेगाला कुणी विचारत नाही, तोल राखला की सगळं मिळालं.

तरुणपणी मी चार कप जिंकून दिले. मग माझ्या मालकांचे, म्हणजे मास्तरांचे, गुडघे कुरकुरायला लागले आणि मी नऊ वर्षं शेडमध्ये पडून राहिले. माझ्या हँडलला लोक ओल्या छत्र्या अडकवत.

तिथून मला ताईने आणलं, ती मास्तरांकडे हा खेळ शिकायला आली होती. ताई दातांच्या कवळ्या घडवते. दिवसभर मान खाली घालून दुसऱ्यांचं हसू घासत बसायचं, हे तिचं काम. तिशी उलटलेली, आणि या खेळात अगदी नवखी. मला आणण्याआधी तिने विचारलं होतं, "मास्तर, नवीनच गाडी घेऊ का?"

"शिकायला म्हातारीच बरी," मास्तर म्हणाले. "ती चुका पोटात घालते."

दर रविवारी आम्ही बंद पडलेल्या दगडखाणीत जायचो. ताईचे पाय इतक्या वेळा टेकायचे, की मास्तर ओरडायचे, "अगं, चालवतेयस की नाचतेयस?" चौथ्या महिन्यात आम्ही गुडघाभर उंच दगड चढलो. ताईने खाली उतरून माझ्या टाकीला मिठी मारली. कपांपेक्षा मला ती मिठी मोठी वाटली.

घरी तिचे बाबा होते, बसचे निवृत्त ड्रायव्हर. छत्तीस वर्षं रोज सकाळी दांडक्याने एकेक टायर ठोकून बघितलेला माणूस. टायर टणटण वाजला तरच बस फाटकाबाहेर पडायची. हा खेळ म्हणजे त्यांच्या मते हातपाय मोडून घ्यायचे धंदे. तरीही लेकीच्या पहिल्या स्पर्धेच्या सकाळी ते तिच्याआधी उठले आणि दांडकं घेऊन माझ्याकडे आले. थप्प! टायर वाजलाच नाही.

"पोरगी बसलेल्या टायरवर निघाली होती की!" असं म्हणत त्यांनी पंप आणला आणि घाम येईपर्यंत हवा भरली.

मित्रांनो, माझ्या टायरात हवा मुद्दाम कमी ठेवतात. अंगठा दाबला की रुतला पाहिजे. मऊ टायर दगडाला बिलगतो, कडक टायर उसळतो. हे मला ठाऊक होतं. मला तोंड नाही, ही सबब खरी आहे. पण एक कबूल करते. मला ते आवडलं होतं. कित्येक वर्षांनी अंग ताठ झालं, आणि मी स्वतःवरच खूश होते.

ताई धावत आली, अंगठा लावायला वाकणार तोच बाबा म्हणाले, "हवा बघितलीय मी. निघ, उशीर होतोय." बाबांनी बघितलेलं त्या घरात कुणी पुन्हा बघत नसे.

पहिलाच ओला दगड. मी उसळले, ताई माझ्याखाली आली. तिचं मनगट मोडल्याचा आवाज माझ्या इंजिनापेक्षा मोठा होता.

ताईला दवाखान्यात सोडून मास्तरांनी मला घरी पोचवलं. "बाबा, हवा दगडासारखी भरलीय हिने. नवखी आहे, विसरली असेल."

बाबा नुसतं "हं" म्हणाले.

प्लास्टर घातलेल्या हाताने वेणी घालता येईना. बाबा तिची वेणी घालू लागले, वाकडीतिकडी. ताई म्हणायची, "माझा पिंडच नाही हा. विकून टाका तिला." बाबांना ते सोयीचंच होतं. गाडी गेली की लेकही सुखरूप आणि चूकही झाकलेली!

महिन्याने गिऱ्हाईक आलं, एक नळ दुरुस्त करणारा. त्याला माझं इंजिन पाण्याच्या पंपाला जोडायचं होतं. मी मनात म्हटलं, योग्यच शिक्षा आहे. त्याने माझ्या टायरवर लाथ मारली. "वा! टायर मात्र टणक आहेत."

बाबांच्या हातातली किल्ली खाली पडली. "नाही विकायची," ते म्हणाले. मग ताईकडे न बघता, "त्या दिवशी टायरात जास्तीची हवा मी भरली होती, म्हणून गाडी उसळली. तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा."

"महिनाभर वेणी घालताय माझी," ताईचा आवाज चिरकला, "आणि आज सांगताय? मी स्वतःला किती बोल लावले, बाबा!"

"धीर होत नव्हता."

गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. ताईने दोन दिवस केस मोकळेच ठेवले. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, या इकडे. हवा काढा."

फुस्स.

"एवढी?"

"अजून."

"अगं, पार बसेल!"

"अंगठा लावा. रुततोय?"

"रुततोय."

तिने कंगवा त्यांच्या हातात दिला आणि पाठ करून बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. जपण्याआधी, ज्याची वस्तू त्याला एकदा विचारा. आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगा. बाबांना तोंड होतं, तरी त्यांना महिना लागला. मला तर तेही नाही, म्हणून माझी कबुली आज तुमच्यापाशी.

ताईचं प्लास्टर निघालंय. रविवारी सकाळी बाबा माझ्याजवळ वाकतात, अंगठा दाबतात, आणि मग घराकडे वळून हाक मारतात, "एकदा तूही बघून जा गं!"