काच चाटणाऱ्याने पाहिलेली नदी

मित्रांनो, मी एक जुना, खडबडीत, काच चाटणारा मासा आहे. दातांच्या दवाखान्यात जिथे तुम्ही गालावर हात धरून बसता, तिथल्या काचेच्या पेटीत माझा मुक्काम असतो. नाक मुरडू नका. रूपाने मी यथातथाच आहे, पण मी जे पाहिले ते फार थोड्यांच्या वाट्याला येते.

मला विकत आणले तेव्हा मी करंगळीएवढा होतो. "पेटी घासायचं कामच उरणार नाही," असे दुकानदार म्हणाला होता, आणि मी त्याचा शब्द राखला. काचेवर शेवाळाचा ठिपका म्हणून राहू दिला नाही. "माझ्यापेक्षा हाच छान दात घासून देईल!" असे डॉक्टरीणबाई पेशंटना सांगत आणि मी फुशारून जाई. पण मी वाढतही गेलो. पुढे पुढे वळायला गेलो की डोके एका काचेला आणि शेपटी दुसरीला आपटू लागली; एकदा तर पाठीवरचा पंखच चिरला.

एके सकाळी बाई मला बादलीतून नदीवर घेऊन गेल्या. "जा रे बाबा, किती कोंडून ठेवू तुला? मोकळा हो आता," म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या मायेत काडीची खोट नव्हती.

आणि मग नदी! मित्रांनो, तिला काचच नव्हती. मी पोहत राहिलो, आता आपटेन, मग आपटेन असे वाटत राहिले, आणि आपटलोच नाही. वरून ऊन पाण्यात उतरत होते, झाडांची मुळे खोल आत आली होती. एका दगडाखाली बोटभर लांबीचा मासा आपली अंडी राखत होता. मोहरीएवढी अंडी, आणि प्रत्येकात हलणारे काळे डोळे! तो बाप खाणेपिणे सोडून पंखांनी त्यांच्यावर ताजे पाणी घालत होता. मी थक्क होऊन बघत राहिलो.

मग मला भूक लागली. मला एकच काम येते, ते मी केले. दगड चाटला. शेवाळाबरोबर अंडीही गेली. तो एवढासा जीव माझ्या चिलखतासारख्या टणक अंगावर धडका देत राहिला. त्याचे तोंड सोलवटले, तरी मागे हटेना. मला मात्र साधे खरचटलेही नाही. दगड रिकामा झाल्यावरही तो तिथेच पंख हलवत होता. एवढे मोठे धैर्य मी दुसरे पाहिलेले नाही.

तिथे माझ्यासारखे पुष्कळ होते, सगळे मायेने सोडलेले. आम्ही काठात बिळे कोरत होतो आणि काठ ढासळत होता.

एक दिवस मी मासेवाल्या मावशींच्या जाळ्यात अडकलो. त्या जाळे सोडवत असताना बाई काठावरून फिरायला चालल्या होत्या. माझा पाठीवरचा चिरलेला पंख त्यांनी लांबूनच ओळखला.

"अगंबाई, हा तर आमचा!"

"तुमचा? मग न्या बाई घरी," मावशी म्हणाल्या. "जाळं फाडतोय, बाजारात कुणी हात लावत नाही. आणि आमची मासळी कुठे गेली, तेही विचारा याला."

"अहो, मी चांगल्यासाठीच सोडला होता हो."

"सगळे चांगल्यासाठीच सोडतात."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला ओल्या ओढणीत गुंडाळून परत आणले. आता माझ्या नव्या, मोठ्या पेटीने अर्धी खोली अडवली आहे आणि पेशंट दाटीवाटीने बसतात.

काल दाढ किडलेली एक छोटी काचेला नाक लावून म्हणाली, "बिचारा! याला नदीत सोडा ना." पोरीचे मन मोठे, म्हणून तिला सांगायचे होते ते तुम्हाला सांगतो. मासा पाळण्याआधी तो केवढा होईल ते विचारा. सांभाळणे जमेना झाले तर दुकानात परत द्या, मोठी पेटी असणाऱ्याला द्या. नदी मला रोज आठवते. तिच्याइतके सुंदर मी काही पाहिलेले नाही. म्हणूनच पाया पडतो, मला पुन्हा तिच्यात सोडू नका.